दापोलीजवळचं ते भाड्याचं घर आणि आमची ग्राहक तक्रार

तडजोडीची रक्कम ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या खात्यात जमा झाली आणि जिल्हा ग्राहक आयोगातलं आमचं प्रकरण बंद झालं. जवळपास वर्षभर हा विषय घरात चालू होता. या काळात नात्यातल्या, ओळखीतल्या कितीतरी जणांनी आपले अनुभव सांगितले. फोटोत हिरवंगार फार्महाऊस आणि प्रत्यक्षात गळकं छप्पर, किंवा पैसे घेऊन फोन बंद करणारा मालक. बहुतेकांनी ते तिथेच सोडून दिलं होतं. तक्रार कुठे करायची, वकील लागतो का, खर्च किती येतो, हे कुणाला माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते आहे. घरमालकाचं, गावाचं आणि ज्या संकेतस्थळावरून बुकिंग केलं त्या कंपनीचं नाव देणार नाही. तडजोडीत आम्ही तसं कबूल केलं आहे.

दिवाळी २०२४ नंतर सासू-सासऱ्यांना समुद्राकाठी न्यायचं ठरलं होतं. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांना त्रास आहे. खाली बसता येत नाही, जिना चढवत नाही. त्यामुळे हॉटेलपेक्षा बैठं घर बरं, असा विचार केला. दापोली तालुक्यात एक कौलारू घर संकेतस्थळावर दिसलं. चिरेबंदी भिंती, पुढे खळं, मागे नारळ-सुपारीची वाडी, एक छोटा पोहण्याचा तलाव. तळमजल्यावर कमोड, चोवीस तास गरम पाणी, इन्व्हर्टर असं सगळं लिहिलेलं. बुकिंगआधी मी मालकांना संदेश पाठवला होता, 'आईंना गुडघ्यांचा त्रास आहे, खालच्या बाथरूममध्ये कमोड आणि गरम पाणी नक्की चालू आहे ना?' उत्तर आलं, 'सगळं उत्तम स्थितीत आहे, निश्चिंत या.' पुढे सगळ्या कागदांत सर्वांत उपयोगी पडला तो हाच एका ओळीचा संदेश. तुमची जी गरज अगदी अडून बसणारी असेल, ती बुकिंगआधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या, तेही संकेतस्थळाच्या संदेशपेटीतच. फोनवरचं बोलणं नंतर कुणी मान्य करत नाही.

५ ऑक्टोबरला पैसे भरले. शुक्रवार ८ नोव्हेंबर ते सोमवार ११ नोव्हेंबर, तीन रात्री. रात्रीचे ७,००० रुपये, साफसफाईचे १,५००, त्यावर १२ टक्के जीएसटी, असे २५,२०० रुपये. शिवाय मालकाने ५,००० रुपये अनामत थेट यूपीआयने घेतली.

घाट उतरून पोलादपूर, कशेडी, खेड करत दापोलीला पोचलो आणि गावात शिरलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते. फाटकाशी एक साठीचे काका उभे होते. घराची देखभाल तेच बघतात. सामान उतरवताना ते एक अक्षर बोलले नाहीत. दार उघडलं आणि कुबट वास अंगावर आला. पावसाळाभर घर बंद होतं हे कळायला वेळ लागला नाही. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाआधी कौलं चाळली नाहीत, पाऊस संपल्यावर दारं-खिडक्या उघडून घर वाळवलं नाही, तर आत काय होतं हे कोकणातल्या कुणालाही विचारा. माजघराची एक भिंत अर्ध्यापर्यंत काळी पडली होती. गाद्या ओलसर होत्या, उश्यांवर बुरशीचे ठिपके होते. दाराच्या चौकटीला वाळवी लागलेली. तलावातलं पाणी गडद हिरवं आणि त्यावर डासांचे थवे.

खालच्या बाथरूममध्ये कमोड होता, पण त्याची बैठक तडकलेली आणि फ्लशच्या टाकीत पाणी नाही. नळालाही नाही. पंप जळलेला होता. गीझरची वायर प्लगजवळ उघडी पडली होती, तिला चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि खाली फरशीवर कौलातून ठिबकलेल्या पाण्याचं डबकं. माझ्या नवऱ्याने आधी तिथला स्विच बंद केला आणि मग मुलाला 'इकडे पाऊल टाकायचं नाही' म्हणून सांगितलं.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. गावचं घर शहरातल्या फ्लॅटसारखं नसतं आणि नसावं. भिंतीवर पाल असणार, दिव्याभोवती किडे येणार, वीज मधूनच जाणार, नळाला कधी गढूळ पाणी येणार. यातल्या एकाही गोष्टीची आम्ही तक्रार केली नाही आणि तुम्हीही करू नका. पण कुबट वास, उघडी वायर, पाण्याशिवायचा संडास, बुरशीची गादी हे काही गावपण नव्हे. पैसे घ्यायचे आणि घराकडे बघायचं नाही, याला गावाचं नाव देऊन आपण गावावर अन्याय करतो. त्याच गावातली इतर घरं आम्ही दुसऱ्या दिवशी बघितली. सारवलेली अंगणं, घासून लख्ख केलेली तांब्या-पितळेची भांडी, दारात रांगोळी. पैशाने आमच्यापेक्षा कितीतरी साधी माणसं आपली घरं किती निगुतीने ठेवतात, हे त्या गावातच दिसलं.

मी मालकांना फोन लावला. ते मुंबईला राहतात. 'केअरटेकरला सांगतो' म्हणाले आणि नंतर फोन उचललाच नाही. काका मात्र विहिरीवरून पोहऱ्याने पाणी काढून बादल्या भरत होते. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, "ताई, पंप गणपतीपास्नं बंद हाय. मी सांगून सांगून थकलो. बघू म्हणतात, आन् बुकिंग घेतात. मानसं येतात ती माझ्यावर वराडतात." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "माझं नाव कुठं घालू नका. म्हातारी आजारी हाय घरात, हा पगार गेला तर काय करू?" त्यांचा दोन महिन्यांचा पगारही थकला होता.

तक्रार लिहिताना त्यांची साक्ष आमच्या फार कामाची होती हे मला कळत होतं. कंपनीनेही पुढे 'केअरटेकरने सहकार्य केलं नाही का?' असा प्रश्न विचारला, म्हणजे सगळं त्यांच्या माथी मारायची वाट तयार होतीच. मी प्रत्येक कागदात एकच वाक्य लिहिलं: 'तिथल्या कर्मचाऱ्याने त्याच्या हातात होतं ते सर्व केलं, त्याच्याविरुद्ध आमची कोणतीही तक्रार नाही.' तुमच्यावर अशी वेळ आली तर दोष कुणाचा आहे हे नीट वेगळं करून लिहा. नाहीतर रोजंदारीवरचा माणूस भरडला जातो आणि ज्याने भाडं घेतलं तो सुटतो.

त्या संध्याकाळी दोन कामं केली. पहिलं, अंधार पडायच्या आत चित्रीकरण. फाटकापासून सुरुवात करून, मध्ये न थांबता, सगळ्या खोल्यांतून एकच सलग व्हिडिओ घेतला. नळ उघडून दाखवला, फ्लश दाबून दाखवला, वायर जवळून घेतली. नंतर वेगवेगळे फोटो. फोनमध्ये स्थान आणि वेळ नोंदवायची सोय चालू होती. हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवले की त्यातली मूळ माहिती निघून जाते, म्हणून मूळ फायली फोनमध्ये तशाच ठेवल्या आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. दुसरं, संकेतस्थळावरचं त्या घराचं पान, वर्णन, फोटो आणि रद्द करण्याच्या अटींसकट पीडीएफ करून ठेवलं. पुढे काही आठवड्यांनी मालकाने वर्णनातला 'चोवीस तास गरम पाणी' हा मजकूर काढून टाकला. आमच्याकडे जुनं पान होतं म्हणून बरं.

मग कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन. त्यांच्या अटींत लिहिलं होतं की घर वर्णनाप्रमाणे नसेल तर पोचल्यापासून २४ तासांत कळवायचं. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली, तक्रार क्रमांक दिला, 'मालकाशी बोलून कळवतो' म्हणाली. फोन ठेवल्याबरोबर तेच सगळं मी त्यांच्या संदेशपेटीत लिहून फोटो जोडले, कारण वेळ सिद्ध करायला लेखी हवं.

जेवणं काकांच्या सुनेने करून दिली. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. त्या दिवसातली तेवढीच चांगली गोष्ट. आई एकही तक्रार न करता ओलसर पलंगावर बसून राहिल्या होत्या. रात्री चादर झटकायला पलंग सरकवला तर खाली विंचू. तांबडा. कोकणात विंचू निघतो, त्याचा दोष कुणालाच नाही. पण मागच्या दाराला लागून फुटक्या कौलांचा आणि जुन्या लाकडांचा ढीग महिनोन्‌महिने पडलेला होता, दाराखाली बोटभर फट होती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात कितीतरी जीव वाचवले, हे लहानपणापासून ऐकून माहीत होतं, त्यामुळे आता दंशावर उपाय आहे हेही माहीत होतं. तरी मुलगा आणि दोन वयस्क माणसं घरात असताना त्या रात्री आम्हा दोघांना झोप आली नाही. दिवे चालू ठेवून बसलो.

सकाळी कंपनीचं उत्तर आलं: गैरसोयीबद्दल दिलगिरी म्हणून पुढच्या बुकिंगसाठी २,००० रुपयांचं कूपन. मी लेखी कळवलं की हे आम्हाला मान्य नाही, घर राहण्यायोग्य नसल्यामुळे आम्ही आज दुपारी ते सोडतो आहोत आणि उरलेल्या पैशांवर हक्क राखून ठेवतो आहोत. हे वाक्य न लिहिता निघून गेलं तर 'पाहुण्यांनी स्वतःहून मुक्काम लवकर संपवला' अशी नोंद होते. निघताना पुन्हा एकदा व्हिडिओ घेतला, सगळं जसं होतं तसंच आहे हे दाखवायला. त्याचाही उपयोग झाला, कारण आठवड्याने मालकाने 'नळ मोडला' म्हणून अनामत परत द्यायला नकार दिला.

उरलेल्या दोन रात्री हर्णैजवळ एका काकूंच्या घरी राहिलो. दोन साध्या खोल्या, खोलीचे १,८०० रुपये, दोन रात्रींचे मिळून ७,२००. भिंतीवर निवास-न्याहारी योजनेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. सकाळी आई त्यांच्या पडवीत बसून घावन खात होत्या. काकूंकडून रीतसर पावती घेतली. दुसरीकडे राहण्याचा खर्च मागायचा असेल तर पावती लागतेच.

घरी आल्यावर १२ नोव्हेंबरला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, असा नियम आहे. मदतक्रमांकावरच्या मुलामुलींना अधिकार नसतात, त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. त्याच ईमेलमध्ये मी मालकाचा पूर्ण पत्ता मागितला. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितलं तर विक्रेत्याचा पत्ता आणि संपर्क देणं या नियमांनुसार कंपनीला बंधनकारक आहे. हे मला ग्राहक पंचायतीच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सांगितलं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या या चळवळीचे कार्यकर्ते बऱ्याच शहरांत आठवड्यातून एकदा मोफत मार्गदर्शनाला बसतात. मी कागदांची पिशवी घेऊन गेले होते. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, "वहिनी, राग बाजूला ठेवा आणि तारखा लिहा." त्या दिवसापासून एका वहीत तारीख, कुणाशी बोलणं झालं, काय उत्तर आलं, असं लिहायला लागले.

पोच लगेच आली. उत्तर ९ डिसेंबरला. कंपनी म्हणाली, आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, मालकाला तक्रार मान्य नाही, कूपन कायम आहे.

दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. राष्ट्रीय सुट्ट्या सोडून रोज सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, आणि मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक मिळाला, कागद पोर्टलवर चढवले. खर्च शून्य. हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते, पण आदेश देऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा. तरी फरक पडला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने साफसफाईचे पैसे आणि एका रात्रीचं भाडं द्यायची तयारी दाखवली. नवरा म्हणाला, घेऊन टाकूया. सासरे म्हणाले, "पैशाचं राहू दे. ती वायर अजून तशीच असेल आणि उद्या तिथे कुणाचं तरी पोर जाईल." त्यावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही.

मग नोटीस. वकिलाची नोटीस लागतेच असं नाही, ग्राहक स्वतःच्या सहीने पाठवू शकतो. मी दोन पानी मराठीत लिहिली. काय कबूल केलं होतं, काय मिळालं, काय हवं, आणि १५ दिवसांची मुदत. जानेवारीच्या मध्यावर कंपनी आणि मालक दोघांना रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह पाठवली. (२०२५ मध्येच डाक खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्ट करून पोचीचा पुरावा घ्यायचा.) मालकाचं पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं. मी घाबरले, पण कार्यकर्ते म्हणाले हे तर चांगलंच झालं: योग्य पत्त्यावर पाठवलेलं पाकीट नाकारलं तरी नोटीस मिळाली असंच धरतात. ते पाकीट फोडायचं नाही, तसंच बंद ठेवायचं.

मुदत संपली, उत्तर नाही. २४ फेब्रुवारी २०२५ ला आयोगात तक्रार दाखल केली. त्याआधी ज्या शंका मला सतावत होत्या त्या इथेच सांगते. कुठे दाखल करायची? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. दापोलीला, रत्नागिरीला किंवा कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. फी किती? ज्या सेवेसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत आहेत तिथे शून्य. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची, आणि तीही मोजलेल्या पैशांवरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नाही. किती दिवसांत? तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत. वकील? सक्तीचा नाही.

१ जानेवारी २०२५ पासून ऑनलाइन तक्रारींसाठी ई-जागृती हे पोर्टल सुरू झालं आहे, आधीच्या ई-दाखिलच्या जागी. मी घरूनच दाखल केलं. तक्रार अर्ज, तारखांची यादी, कागदपत्रांची सूची, प्रतिज्ञापत्र, आणि मग पुरावे: बुकिंगची पावती, संदेश, पानाची पीडीएफ, फोटो, ईमेल, हेल्पलाइनचं उत्तर, नोटीस, परत आलेलं पाकीट, काकूंची पावती. प्रत्येक पानाला क्रमांक आणि सही. मागणी अशी लिहिली: भाडं आणि अनामत परत, दुसरीकडे राहण्याचा खर्च, मानसिक त्रासाचे २५,०००, तक्रारखर्चाचे १०,०००, आणि वीज व पाण्याची दुरुस्ती होईपर्यंत घर भाड्याने देणं बंद ठेवावं.

छाननीत तक्रार त्रुटी दाखवून परत आली. दोन जोडपत्रं अस्पष्ट होती, आणि फोटो-व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र नव्हतं. जुन्या पुरावा कायद्यातलं ६५-ब ते हेच, १ जुलै २०२४ पासून नवं रूप आलं आहे. त्याचे दोन भाग असतात. एक ज्याच्या फोनवर चित्रीकरण झालं त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फायलींची हॅश किंमतही, म्हणजे फाइलमध्ये नंतर बदल झालेला नाही हे ताडून बघायचा सांकेतिक आकडा, लिहावी लागते. आमच्या सोसायटीत संगणकाचे एक प्राध्यापक राहतात, त्यांनी मुलाला शेजारी बसवून ती कशी काढायची हे दाखवलं आणि दुसरा भाग सही करून दिला. मूळ फायली शाबूत होत्या म्हणून हे होऊ शकलं. तक्रार परत आली म्हणजे फेटाळली असं नसतं, हे मात्र कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. तो ईमेल वाचून माझ्या हातापायातलं बळ गेलं होतं.

मार्चअखेर तक्रार दाखल करून घेतली गेली आणि दोघांना नोटिसा निघाल्या. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. त्यापुढे मुदत वाढत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. कंपनीच्या वकिलांनी जवळजवळ शेवटच्या दिवशी म्हणणं दिलं. त्यात मुख्य मुद्दे दोन: आम्ही मध्यस्थ आहोत, आणि आमच्या अटींप्रमाणे वाद फक्त आमच्या शहरातल्या न्यायालयातच चालेल. मी एका पानाचं प्रत्युत्तर दिलं. पैसे कंपनीने घेतले, जीएसटीची पावती कंपनीच्या नावाची आहे, आणि ग्राहक कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे असं कलम १०० सांगतं, त्यामुळे अटींतलं एखादं कलम लिहून माझा कलम ३४ चा हक्क काढून घेता येत नाही. मालक पहिल्या तारखेला आलेच नाहीत. त्यांच्याशिवाय प्रकरण पुढे चालू शकतं असं कळल्यावर वकील घेऊन आले.

पुढचे महिने तारखांचे. मध्ये उन्हाळी सुट्टी आली. काही सुनावण्या घरून व्हिडिओवर झाल्या, काहींना प्रत्यक्ष गेले. सकाळी फलकावर आपला क्रमांक बघायचा, पाण्याची बाटली आणि डबा जवळ ठेवायचा. पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तेव्हा आवाज थरथरत होता. अध्यक्षांनी 'सावकाश सांगा, मराठीत सांगा' म्हटलं, आणि मग जमलं. तिथे माझ्याशेजारी बसलेले एक आजोबा विम्याच्या प्रकरणासाठी आले होते, एक तरुणी बिल्डरविरुद्ध. वकील नसलेले आम्ही एकमेकांचे कागद लावून देत होतो.

ऑगस्टमध्ये आयोगाने विचारलं, मध्यस्थीला तयार आहात का? कलम ३७ मध्ये ही सोय आहे. दोन्ही बाजूंनी लेखी होकार दिला तरच. मला आधी वाटलं की हा आम्हाला गप्प बसवायचा मार्ग असेल. पण मध्यस्थ बाई अतिशय बारकाईने ऐकणाऱ्या होत्या. त्यांनी तो सलग व्हिडिओ मालकांना पूर्ण बघायला लावला. आपलं घर त्यांनी बहुधा दोन वर्षांत पहिल्यांदाच आतून बघितलं असावं. वायर दिसली तेव्हा ते खाली बघत राहिले. मग स्वतःच म्हणाले की घर वडिलांनी बांधलेलं आहे, तिकडे जाणं होत नाही. माझा राग त्या क्षणी पुष्कळ कमी झाला, पण मागणी मी कमी केली नाही.

तडजोड सप्टेंबरमध्ये झाली. न राहिलेल्या दोन रात्रींचं भाडं आणि साफसफाईचे पैसे करासकट, म्हणजे १७,३६० रुपये कंपनीने द्यायचे. अनामतीचे ५,००० मालकाने परत करायचे, आणि खर्चापोटी ५,००० दोघांनी मिळून. एकूण २७,३६०. जी एक रात्र राहिलो तिचे पैसे आणि मानसिक त्रासाची भरपाई आम्ही सोडली. त्या बदल्यात दोन अटी लेखी घेतल्या: परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून वायरिंग तपासून त्याचा दाखला कंपनीकडे दिल्याशिवाय घर पुन्हा संकेतस्थळावर येणार नाही, आणि काकांचा थकलेला पगार देऊन त्यांना कामावर कायम ठेवायचं. दुसरी अट आमच्या प्रकरणात बसत नाही असं कंपनीचे वकील म्हणाले. मालकांनी मात्र ती स्वतः लिहून दिली.

आयोगाने तडजोडीची नोंद घेऊन आदेश केला. आदेशाची प्रत मोफत मिळते. रक्कम ठरलेल्या मुदतीत आली नसती तर कलम ७२ खाली अर्ज करता आला असता, त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तशी वेळ आली नाही. नोटरी, छपाई, टपाल आणि जाण्यायेण्याचा मिळून आमचा खर्च अडीच हजारांच्या आत राहिला. वेळ आणि मनःस्ताप किती गेला हे पैशांत मांडता येणार नाही. सगळ्यांना तो झेपेल असंही नाही. लहान मूल, नोकरी आणि आजारी माणूस घरात असेल तर हेल्पलाइनच्या टप्प्यावर मिळालेले पैसे घेऊन थांबण्यात काहीच कमीपणा नाही.

माझ्या तक्रारीचा आणि नोटिशीचा मसुदा, नावं वगळून, मी तयार ठेवला आहे. कुणाला हवा असेल तर मागा. कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा कोरा नमुनाही सोबत देईन, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.